मेंटेनन्सची नोकरी सोडून स्वतंत्र काम सुरू करताना : एमआयडीसीतल्या तंत्रज्ञांसाठी पायरी-पायरीने

सातपूर, अंबड, सिन्नर, भोसरी, चाकण, वाळूज, गोकुळ शिरगाव. कुठल्याही एमआयडीसीत मेंटेनन्स खात्यात चार-पाच वर्षं काढलेल्या माणसाच्या मनात एक विचार येऊन गेलेला असतो. बाहेरून सर्व्हिस इंजिनिअर येतो, पीएलसीला (मशीनचं काम चालवणाऱ्या छोट्या संगणकाला) लॅपटॉप जोडतो, दोन तासांत मशीन चालू करतो आणि आपल्या आठवड्याच्या पगाराएवढं बिल देऊन जातो. तेच काम आपण रात्रपाळीत एकटे करतो. मग आपण बाहेर का पडू नये?

पडावं. मी नाशिकला अशीच नोकरी सोडून ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण), पीएलसी आणि कंट्रोल पॅनेलची कामं स्वतंत्रपणे करतो, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांना हेच सांगतो. पण सगळ्यांत आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. कुणा एका साहेबाच्या, एका कंपनीच्या किंवा एका सावकाराच्या मर्जीवर तुमची चूल अवलंबून नसेल, तेव्हाच तुम्ही स्वतंत्र झालात. नुसता राजीनामा दिल्याने ते होत नाही. त्यासाठी गाठीला पैसा लागतो, स्वतःच्या हाताला काम यावं लागतं आणि तुमचं नाव घेणारी माणसं लागतात. या तिन्हींची तयारी पगार चालू असतानाच करायची असते. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

१. कुठलं काम विकणार, ते एका वाक्यात लिहा

"इलेक्ट्रिकलची सगळी कामं करतो" असं म्हणणाऱ्याला कुणी फोन करत नाही. "सीएनसीचे (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनचे) ड्राइव्ह आणि स्पिंडल मोटरचे फॉल्ट काढतो", "पॅकिंग मशीनच्या पीएलसीत बदल करून देतो", "कोल्ड स्टोरेजची पॅनेलं सांभाळतो" असं म्हणणाऱ्याचा नंबर मेंटेनन्सवाला जपून ठेवतो. आपल्या भागात कुठली यंत्रं जास्त आहेत ते पाहा. नाशिकला सातपूर-अंबडमध्ये मशीन शॉप भरपूर. पिंपळगाव बसवंत-दिंडोरीकडे द्राक्षांची पॅकहाउस आणि माल गार करणारी प्रीकूलिंग युनिटं, त्यांची धावपळ साधारण जानेवारी ते एप्रिल. साखर कारखान्यांचं उलट असतं. गाळप चालू असताना अडला-नडला फोन येतो, खरी दुरुस्तीची कामं हंगाम संपल्यावर निघतात. असे दोन वेगवेगळ्या हंगामांचे व्यवसाय हाताशी ठेवलेत तर वर्षभर काम राहतं.

एक कायद्याची मर्यादा लक्षात ठेवा. इमारतीचं वायरिंग, नवीन जोडणी, ट्रान्सफॉर्मरचं काम घ्यायचं असेल तर विद्युत ठेकेदाराचा परवाना लागतो. चालू मशीनच्या पॅनेलमधला फॉल्ट काढणं आणि वायरिंगचा ठेका घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. गिऱ्हाइकाने "हेही करून टाका ना" म्हटलं तरी परवान्याशिवाय ठेक्याला हात घालू नका.

२. पैसा : नोकरी सोडण्याआधी तीन वेगळे कप्पे भरा

या पायरीला घाई करून चालत नाही. वर्ष लागेल, दीड वर्ष लागेल, लागू द्या.

पहिला कप्पा घरखर्चाचा. किराणा, भाडं किंवा हप्ता, मुलांची फी, आईवडिलांची औषधं, पेट्रोल, गावी पाठवायचे पैसे असं सगळं धरून महिन्याचा आकडा काढा. समजा तो २८,००० निघाला. आठ महिन्यांचे होतात २,२४,००० रुपये. आठच महिने का? पहिले दोन महिने कामं तुरळक असतात, आणि केलेल्या कामाचं बिल हातात पडायला आणखी दीड-दोन महिने जातात. चार महिन्यांचीच शिदोरी असेल तर बिल यायच्या वेळेसच डबा रिकामा होतो, आणि मग माणूस मिळेल त्या दरात मिळेल ते काम घेतो. दर एकदा पडला की त्याच कंपनीत तो पुन्हा वर चढवणं फार अवघड.

दुसरा कप्पा कामाच्या भांडवलाचा : प्रवास, केबली, छोटे सुटे भाग, लॅपटॉपची दुरुस्ती. सुरुवातीला साठ-सत्तर हजार पुरतात. तिसरा कप्पा कराचा. बिलाचे पैसे आले की त्यातला दहावा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढायचा. मार्चमध्ये जास्त झाले असं दिसलं तर आनंदच आहे.

साठवायचं कसं? पगार झाला त्याच दिवशी रक्कम दुसऱ्या बँकेतल्या खात्यात वळती होऊ द्या. त्या खात्याचं एटीएम कार्ड घरात ठेवा आणि मोबाइलवर त्याचं यूपीआय जोडूच नका. ओव्हरटाइम आणि दिवाळीचा बोनस थेट तिकडे. राजीनाम्याआधीचे तीन महिने अर्ध्या पगारात घर चालवून पाहा. घरच्यांना विश्वासात घेतल्याशिवाय हे जमणार नाही, आणि तोच याचा मोठा फायदा आहे. तंगीच्या महिन्यात घरात कुठला खर्च थांबू शकतो आणि कुठला अजिबात नाही, हे बायकोला किंवा आईला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्या तीन महिन्यांत घर तग धरत नसेल तर तारीख पुढे ढकला.

ठेवायचं कुठे, याबद्दल मी आग्रही आहे. बँकेतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा आहे, आणि सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नाही. एक-दीड टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून आठ महिन्यांची शिदोरी पतसंस्थेत ठेवू नका. विमा असला तरी वेळेचा प्रश्न उरतोच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढायची मुभा होती. म्हणून शिदोरी दोन बँकांत विभागा. भिशीने सवय लागते हे खरं, पण भिशीचा नंबर लागेल तेव्हाच पैसे मिळतात आणि अडचण नंबर बघून येत नाही. घरातलं सोनं सुरुवातीच्या भांडवलासाठी गहाण टाकू नका. ते अगदी शेवटच्या वेळेसाठी राहू द्या.

३. पगाराची स्लिप हातात असताना उरकायची कामं

आरोग्य विमा आधी. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो आणि ईएसआयसीचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं कवचही फार काळ टिकत नाही. स्वतःची पॉलिसी नोकरीत असतानाच काढा, कारण नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात सोडून इतर आजाराचा दावा मंजूर होत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. रक्तदाब, साखर जे असेल ते अर्जात खरं लिहा. लपवलं की नेमका तोच दावा फेटाळला जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला आहे, तेवढा हप्ता हलका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपलं रेशनकार्ड बसतं का आणि जवळची कुठली रुग्णालयं यादीत आहेत, तेही पाहून ठेवा.

आपण ४१५ व्होल्टच्या पॅनेलमध्ये हात घालणारी माणसं आहोत. अपघात विमा हवाच. बँकेतून निघणारी पंतप्रधान सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं संरक्षण देते, ती तर घ्याच. पण ती पुरेशी नाही. हात किंवा डोळा गेला तर काही महिन्यांची कमाई भरून निघेल एवढी वेगळी पॉलिसी काढा.

घरकर्ज घ्यायचं मनात असेल तर त्याचा निर्णय आत्ताच करा. नोकरी सोडली की बँक तुमच्याकडे व्यवसायाची दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं मागते. तोवर कर्ज मिळणं कठीण. मात्र मिळतंय म्हणून गाडीचं कर्ज काढू नका. नोकरी सोडताना चालू हप्ते जितके कमी तितका दर ठरवताना तुमचा आवाज मोठा.

४. राजीनामा : मागे दार उघडं ठेवून निघा

तुमचं पहिलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तुमची जुनी कंपनीच असते. त्यामुळे भांडून निघू नका, आणि दिवाळीच्या तोंडावर किंवा ऑडिटच्या आठवड्यात राजीनामा देऊ नका. नोटीस पूर्ण करा. जाण्याआधी तुमच्या डोक्यात असलेली माहिती वहीत उतरवून द्या. कुठल्या मशीनचा कुठला सेन्सर पावसाळ्यात दगा देतो, कुठल्या ड्राइव्हचा पंखा मे महिन्याआधी साफ करावा लागतो, हे लिहून दिलेला माणूस खात्याला वर्षानुवर्षं आठवतो.

नियुक्तीपत्र नीट वाचा. "नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही" अशी अट असेल तर लगेच घाबरू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे व्यवसाय करण्यावर बंदी घालणारा करार त्या बंदीपुरता रद्द ठरतो. पण याची दुसरी बाजूही आहे. नोकरीच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याची अट वैध असते. कल्याणच्या कारखान्यातल्या एका पाळी-पर्यवेक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये हेच सांगितलं. ठरलेल्या पाच वर्षांच्या आत तो प्रतिस्पर्धी कंपनीत गेला होता, आणि त्याच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम राहिला. तेव्हा नोटीस संपेपर्यंत बाहेरचं काम पैसे घेऊन करू नका. कंपनीचे पीएलसी प्रोग्राम, ड्रॉइंग, गिऱ्हाइकांच्या याद्या पेनड्राइव्हमध्ये घालून आणू नका. ती चोरीच आहे, आणि या क्षेत्रात अशी बातमी चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत पोचते.

निघताना हे कागद हातात घ्या :

- अनुभवपत्र आणि कार्यमुक्तीचं पत्र
- शेवटच्या तीन पगार स्लिपा आणि पगारातून कर कापल्याचा दाखला, ज्याला लोक फॉर्म १६ म्हणतात
- फुल अँड फायनल हिशेबाची प्रत
- पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख चढली आहे याची खात्री
- सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा अर्ज

ग्रॅच्युइटीचा हिशेब स्वतः करून पाहा : मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून येणारी रक्कम गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. २६,००० धरले तर वर्षाला १५,००० होतात, सहा वर्षांचे ९०,०००. पीएफ मात्र काढू नका. पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो, आणि पेन्शनसाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते. दहा वर्षं व्हायच्या आत पेन्शनचा भाग काढून घेतलात तर ती वर्षं गेली. त्याऐवजी पीएफ कार्यालयाकडून स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला घ्या. पुढे कधी नोकरी धरलीत तर ती वर्षं जोडली जातात.

५. नोंदण्या आणि कागदपत्रं

एकट्याने काम सुरू करायला कंपनी स्थापन करायची गरज नाही. स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पॅनवर एकल मालकी पुरते.

- पॅन आणि आधार, दोन्हींवर नावाचं स्पेलिंग एकच
- उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद
- गुमास्ता, म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची ऑनलाइन सूचना
- व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी, जिला पीटीईसी म्हणतात
- बँकेत चालू खातं
- कोरा रद्द केलेला चेक, पासपोर्ट साइज फोटो, आयटीआय किंवा डिप्लोमाचं प्रमाणपत्र स्कॅन करून मोबाइलमध्ये

उद्यम नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. इंटरनेटवर शोधलं की सरकारी वाटाव्यात अशा साइट वर येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' नसेल तर तिथून बाहेर पडा. ही नोंदणी पहिलं काम घेण्याआधीच करा. ती आधीच का हवी, ते नवव्या पायरीत कळेल.

व्यवसाय कर नोकरीत असताना पगारातून कापला जायचा, त्यामुळे त्याची आठवण राहत नाही. महाराष्ट्रात स्वतंत्र व्यावसायिकाने तो वर्षाला २,५०० रुपये स्वतः भरायचा असतो. राहिला की व्याज आणि दंड साठत जातो.

जीएसटीच्या बाबतीत सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची होते. त्याआधी मोठ्या कंपन्या "जीएसटी नंबर आहे का?" विचारतील. नसल्याचं साधं घोषणापत्र चालतं. इथला सापळा सुट्या भागांचा आहे. समजा ८०,००० चा ड्राइव्ह तुम्ही स्वतः विकत घेतलात आणि गिऱ्हाइकाला बिल केलंत. ते ८०,००० तुमच्या उलाढालीत धरले जातात, पैसे तुमचे अडकतात आणि वॉरंटीची जबाबदारीही तुमच्या गळ्यात पडते. तुम्ही मॉडेल नंबर लिहून द्या, वस्तू कंपनीलाच थेट घेऊ द्या, तुम्ही फक्त बसवण्याचं बिल करा.

आयकरात गृहीत उत्पन्नाची सोय आहे. ठरावीक व्यवसायांना, ज्यात अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ला येतो, मिळकतीचा निम्मा भाग नफा धरून कर भरता येतो, सगळ्या खर्चाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. लोक तिला ४४ एडीए म्हणून ओळखतात. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, त्यामुळे तुमचं काम कुठल्या गटात बसतं ते सीएकडून लेखी विचारून घ्या. पहिल्याच वर्षी. कंपन्या बिलातून टीडीएस कापतात. तो कुठल्या प्रकारात कापला यावर १, २ किंवा १० टक्के असं ठरतं. कापलेला पैसा तुमच्या पॅनवर जमा झाला का, हे दर तिमाहीला आयकर पोर्टलवरच्या कर-कपातीच्या विवरणात पाहा, लोक त्याला फॉर्म २६ एएस म्हणून ओळखतात.

६. हत्यारं

थोडीच, पण चांगली घ्या. चांगल्या दर्जाचा मल्टिमीटर, क्लॅम्प मीटर, मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर), इन्सुलेटेड पक्कड-स्क्रूड्रायव्हर, सेफ्टी शूज, हातमोजे, स्वतःचं कुलूप आणि 'काम चालू आहे' असा टॅग. लॅपटॉप जुना चालेल, पण त्याला सिरियल पोर्टचा कन्व्हर्टर आणि तुमच्या भागातल्या तीन-चार ब्रँडच्या पीएलसीच्या केबली हव्यात. कारखान्यांत पंधरा-वीस वर्षं जुनी मशीनं अजून चालतात, आणि त्यांची केबल जवळ असलेला माणूस शोधत लोक येतात. पायरेटेड सॉफ्टवेअर वापरू नका. एखाद्या कंपनीच्या आयटी खात्याने लॅपटॉप तपासला तर काम तर जाईलच, पुन्हा गेटवरून आतही घेणार नाहीत.

गेटवर हत्यारांची यादी देऊन रिटर्नेबल गेटपास करून घ्या, लॅपटॉपचा सिरियल नंबरही त्यात लिहा. आत जाताना नोंद नसलेला मेगर बाहेर नेताना सिक्युरिटीवाला अडवतो, आणि तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात.

७. दर कसा काढायचा

शेजारचा किती घेतो यावरून दर ठरवू नका. घरखर्च २८,०००, त्यात विम्याचे हप्ते, कर, प्रवास, हत्यारांची झीज, पुढची बचत धरली की समजा ४५,००० झाले. महिन्याचे दिवस तीस असले तरी बिल होणारे दिवस सुरुवातीला बारा धरा. बाकीचे कोटेशन, वसुली, प्रवास, शिकणं यांत जातात. ४५,००० भागिले १२ म्हणजे ३,७५० रुपये. याच्या खाली दिवसाचा दर गेला तर तुम्ही स्वतःच्या खिशातून कारखान्याची मशीनं दुरुस्त करत आहात. हा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही काढा.

कोटेशनमध्ये तीन ओळी कधीही गाळू नका : प्रवासखर्च वेगळा, सुटे भाग कंपनीने द्यायचे आणि थांबण्याचा आकार वेगळा. ही तिसरी ओळ फार महत्त्वाची. सकाळी नऊला सिन्नरला पोचता, प्रॉडक्शनवाले म्हणतात "लॉट संपू द्या, तीनला मशीन देतो". ओळ लिहिलेली असेल तर मशीन अकरालाच मोकळी होते.

८. माणसं जोडणं

काम मिळतं ते ओळखीतून. पण ओळख म्हणजे व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरणं नव्हे. तुमचं नाव सुचवणारी माणसं नेमकी कोण, ते पाहा.

मेंटेनन्स हेड हा तर उघडच. त्याच्या खालचा पाळीचा इलेक्ट्रिशियन त्याहून महत्त्वाचा, कारण रात्री दोनला मशीन बंद पडली की फोन कुणाला करायचा ते तो सांगतो. त्याच्यासमोर काम करा, काय बिघडलं होतं ते त्याला समजावून सांगा, साहेबांपुढे त्याला कमी लेखू नका. स्टोअरकीपर, पॅनेल बनवणारे छोटे कारखानदार, मोटर रिवाइंडिंगवाले, हायड्रॉलिकचं काम करणारे, जुन्या मशीनची खरेदी-विक्री करणारे हे सगळे रोज अशा जागी असतात जिथे तुमची गरज पडते. हायड्रॉलिकवाल्याला वाटतं बिघाड इलेक्ट्रिकलमध्ये आहे, तुम्हाला वाटतं व्हॉल्व्हमध्ये आहे. अशा दोघांनी मिळून जायचं ठरवलं तर दोघांनाही कामं वाढतात.

आपल्या कामातल्याच दुसऱ्या माणसाला प्रतिस्पर्धी समजू नका. तुम्ही पुण्याला अडकलेले असता, अंबडहून तातडीचा फोन येतो, तेव्हा विश्वासाने ज्याचा नंबर देता येईल असा एक जण हवा. त्याच्याशी आधीच बोलून ठेवा : तुझ्या गिऱ्हाइकाकडे मी गेलो तर पुढचं काम तुझंच, माझ्याकडे तू आलास तर माझं. हा शब्द दोघांनीही पाळायचा.

उद्योजकांच्या संघटनांच्या बैठकांना जात जा. नाशिकला निमा आणि आयमा, छत्रपती संभाजीनगरला मसिआ, कोल्हापूरकडे गोशिमा, पुण्याला मराठा चेंबर. तिथे छोटे कारखानदार स्वतः येतात, आणि ज्या कारखान्यात मेंटेनन्सचं खातंच नाही त्या मालकाला तुमची गरज सगळ्यांत जास्त असते. मराठी उद्योजकांच्या सॅटर्डे क्लबसारख्या गटांतूनही कामं पुढे-मागे होतात.

वर्षातल्या दोन वेळा सोडू नका. दसऱ्याला कारखान्यांत यंत्रांची पूजा असते, त्या दिवशी सगळे निवांत असतात, जाऊन भेटून या. आणि दिवाळी. कारखाना बंद असतो तेव्हाच पॅनेल बदलणं, प्रोग्राम सुधारणं अशी मोठी कामं काढतात. दिवाळीच्या चार दिवसांतले दोन दिवस आपले नसतात, हे घरी पहिल्याच वर्षी सांगून ठेवा. बरेच जण इथेच सोडून देतात, म्हणून जो येतो त्याला पुढच्या दिवाळीचं कामही तेव्हाच मिळतं.

दोन गोष्टींत मला तडजोड मान्य नाही. पहिली, खरेदी खात्यातल्या कुणी टक्केवारी मागितली तर काम सोडा. एकदा दिलीत की त्या माणसाची बदली होईपर्यंतच तुमचं काम टिकतं. दुसरी, प्रोग्रामला स्वतःचा पासवर्ड टाकून गिऱ्हाइकाला बांधून ठेवू नका. काम संपलं की आधीचा आणि नंतरचा, दोन्ही बॅकअप तारीख घालून कंपनीला द्या, पासवर्ड असेल तर तो लेखी द्या. अडवून ठेवलेलं गिऱ्हाईक संधी मिळताच जातं, आणि जाताना चार ठिकाणी सांगतं.

९. बिल आणि वसुली

तोंडी काम करू नका, अगदी मित्राच्या कारखान्यातही. तातडीचं असेल तर निदान व्हॉट्सअॅपवर "अमुक मशीन, अमुक दर, या" एवढा संदेश येऊ द्या, पर्चेस ऑर्डर दुसऱ्या दिवशी. काम संपलं की सर्व्हिस रिपोर्ट तिथेच भरा : मशीन नंबर, आल्याची वेळ, मशीन ताब्यात मिळाल्याची वेळ, फॉल्ट कोड, काय बदललं, मशीन चालू झाल्याची वेळ. त्यावर खात्याच्या माणसाची सही, नाव आणि शिक्का घेऊनच गेटबाहेर पडा. महिन्याभराने अकाउंटवाला "हे काम झालंच नाही" म्हणतो तेव्हा त्या एका सहीवर बिल उभं राहतं.

बिलावर उद्यम क्रमांक छापा. सूक्ष्म व लघु उद्योगाला खरेदीदाराने लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात, असं २००६ चा एमएसएमईडी कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागतं. १ एप्रिल २०२४ पासून आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची झाली : या मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा करता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच मिळतो. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये अकाउंट खात्याला थकलेल्या बिलांची यादी उद्यम क्रमांकासह मेल केली की ती बिलं हलतात. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रारही करता येते. पण त्याआधी फोन, मग मेल, मग प्रत्यक्ष भेट असा क्रम ठेवा, कारण तक्रारीनंतर त्या कंपनीत पुन्हा काम मिळेल असं धरून चालू नका.

नवीन गिऱ्हाइकाचं पहिलं बिल येईपर्यंत दुसरं मोठं काम उधारीवर घेऊ नका.

१०. एकाच दारावर उभं राहू नका

पहिल्या वर्षी बहुतेकांचं असं होतं की एक कंपनी महिन्याचे पंधरा-वीस दिवस देते. बरं वाटतं. पण पीएफ नाही, रजा नाही, बोनस नाही आणि मालक एकच, तर ती नोकरीच झाली, फक्त वाईट अटींवरची. दर तिमाहीला कागद घ्या आणि कुठल्या कंपनीकडून किती पैसे आले ते लिहा. एकीचा वाटा चाळीस टक्क्यांवर गेला असेल तर पुढच्या तिमाहीत दोन नवी गिऱ्हाइकं शोधणं हे तुमचं पहिलं काम. हे चाळीस मी स्वतःसाठी ठरवलेलं माप आहे. तुमच्या घरावर हप्ते जास्त असतील तर तीस धरा.

याला चांगला आधार म्हणजे वार्षिक देखभालीचे करार. वर्षातून चार भेटी, मे महिन्याआधी ड्राइव्हचे पंखे आणि फिल्टर, पावसाळ्याआधी पॅनेलची सीलिंग आणि अर्थिंग, प्रत्येक भेटीत प्रोग्रामचा बॅकअप आणि पीएलसीच्या बॅटरीची तारीख. अशा सात-आठ छोट्या कारखान्यांचे करार असले की घराचा किराणा आणि हप्ता त्यातून निघतो, आणि बिघाडाची कामं वरची कमाई राहते. करारात किती तासांत पोचणार ते लिहाल तेव्हा जमेल तेवढंच लिहा. नाशिकजवळच्या गोंद्याहून सातपूरला यायलाही वाहतुकीत तास जातो.

प्रत्येक मशीनची वेगळी फाइल ठेवा : मॉडेल, आधीचे फॉल्ट, पॅरामीटरचे फोटो, बॅकअपची तारीख. फाइलची एक प्रत गिऱ्हाइकाकडे, एक तुमच्या हार्ड डिस्कवर. तुम्ही आजारी पडलात आणि तुमच्याऐवजी तो ठरलेला मित्र गेला, तर त्याला दारात उभं राहून तुम्हाला दवाखान्यात फोन करावा लागणार नाही.